रंग मारून घ्या!

२०२५ च्या दिवाळीत आम्ही सगळे जळगावला जमलो होतो. दरवर्षीच जमतो. शेवभाजी होते, भरिताची वांगी येतात, पत्त्यांवरून भांडणं होतात, सगळं नेहमीचंच. ह्या वर्षी नवीन एकच होतं. अंगणात कडुनिंबाच्या झाडापासून मुद्दाम लांब उभी केलेली नानांची पद्मिनी, छत आणि बॉनेट जुन्या पिस्ता रंगाचं आणि दोन्ही कुशी, दारांचे खालचे भाग, मागचं मडगार्ड हे सगळं राखाडी प्रायमरमध्ये.

फाटकातून आत येणारा प्रत्येक जण आधी गाडीकडे बघायचा, मग माझ्याकडे आणि मग तेच वाक्य. "अरे भो, रंग तरी मारून घ्यायचा!" धाकट्या काकांनी म्हटलं, आत्यानं म्हटलं, मावसभावानं म्हटलं, शेजारच्या काकूंनी कुंपणावरून म्हटलं. भाऊबीजेपर्यंत मी मोजलं, चौदा जणांनी म्हटलं. त्या चौदाही जणांना मी हसून "हो, मारायचाय" असं उत्तर दिलं, कारण सणाच्या दिवशी भांडायचं नसतं. आता सण संपलाय. त्यामुळे हा लेख.

मला असं म्हणायचंय की "रंग मारून घ्या" हे आपल्याकडचं अत्यंत निरुपद्रवी वाटणारं आणि अत्यंत घातक वाक्य आहे. हे मी अधिकारवाणीनं सांगू शकतो, कारण सहा वर्षांपूर्वी हे वाक्य मी स्वतः म्हटलं होतं, आणि त्याची किंमत आई-नानांना मोजावी लागता लागता राहिली.

आधी गाडीबद्दल थोडं, कारण पुढच्या पिढीतल्या वाचकांना (म्हणजे माझ्या भाच्यांना) पद्मिनी म्हणजे फक्त जुन्या सिनेमातली टॅक्सी वाटते. मूळची ही इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद ह्या सोलापूरच्या माणसानं काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सनं ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनवायला घेतली. १९७४ पासून तिचं नाव प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत ती निघत राहिली आणि मग मारुतीच्या जमान्यात संपली. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला निवृत्त झाली, तेव्हा पेपरांतून बरेच हुंदके छापून आले होते.

आमची १९९३ ची. नाना तेव्हा पारोळ्याला शिक्षक. १९९८ साली त्यांनी ती चोपड्याच्या एका डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतली. आमच्या घरातली पहिली चारचाकी. त्याआधी आम्ही लग्नाकार्याला एसटीनं नाहीतर काळीपिवळी जीपमध्ये कोंबून जायचो. त्यामुळे त्या गाडीचं आमच्या घरात काय स्थान आहे हे मी वेगळं सांगत नाही. खानदेशातल्या कुठल्याही मास्तराच्या मुलाला ते कळेल.

तर २०१९ च्या फेब्रुवारीत धाकट्या बहिणीचं लग्न होतं, धुळ्याला. आमच्या डोक्यात आलं की नवरी नानांच्या गाडीतूनच कार्यालयात जाणार. कल्पना चांगलीच होती. पण गाडीला दारांखाली फोड आलेले, मागच्या मडगार्डच्या कडा खाल्लेल्या, डिकीच्या झाकणाला भोक. मी पुण्याहून चार दिवसांची रजा काढून आलो होतो. जळगावातल्या एका गॅरेजवाल्याकडे गाडी नेली आणि त्याला सांगितलं, "लग्न रविवारी आहे. शुक्रवारी गाडी पाहिजे. अठरा हजारांच्या वर जाऊ नकोस. आणि फोटोत एक नंबर दिसली पाहिजे."

तो माणूस खाली वाकला, टॉर्च मारली आणि म्हणाला, "साहेब, खालचा पत्रा गेलाय. कापून नवीन टाकावा लागेल. पंधरा-वीस दिवस लागतील."

मी म्हणालो, "ते नंतर बघू. आता रंग मारून घे."

नाना मागे उभे होते. ते एवढंच म्हणाले, "आधी खालून बघ रे. वरून सगळ्याच गाड्या चांगल्या दिसतात." मी अर्थातच ऐकलं नाही. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाला वडिलांचं कुठं ऐकायचं असतं!

शुक्रवारी गाडी आली. काय दिसत होती म्हणून सांगू. रविवारी फुलं लावून कार्यालयासमोर उभी राहिली तेव्हा वरातीपेक्षा तिचे फोटो जास्त निघाले. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. त्यातले निम्मे ह्या दिवाळीत "रंग मारून घे" म्हणणाऱ्या चौदांमध्ये आहेत.

आता सरळ २०२५ च्या जूनमध्ये या. मी आलो होतो, आई-नानांना बहिणीकडे धुळ्याला घेऊन निघालो. एरंडोल मागे पडलं, पारोळ्याच्या थोडं अलीकडे डावं मागचं चाक पंक्चर. भुरभुर पाऊस. आई-नाना मागे बसलेले. म्हटलं उतरू नका, दोन मिनिटांचं काम आहे. (हेही चूकच. पण असो.) जॅक ठरलेल्या जागी लावला आणि फिरवायला सुरुवात केली. गाडी वर येईना. काहीतरी करकर वाजायला लागलं, वाळलेल्या पानांवर पाय पडावा तसं. वाकून बघितलं, तर जॅक गाडीला उचलतच नव्हता, तो गाडीत घुसत होता. दारांखालचा अख्खा पट्टा बिस्किटासारखा आत दबला होता आणि पिस्ता रंगाचा एक तळहाताएवढा पापुद्रा माझ्या बुटावर पडला होता. उचलून बघितला. त्यात लोखंड नव्हतंच.

टायरवाल्या पोरानं बाटली जॅक थेट मागच्या ॲक्सलखाली लावून चाक बदललं. तसेच हळूहळू धुळ्याला पोचलो. त्या तीसेक किलोमीटरमध्ये शेजारून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकनं मला घाम फोडला. हा पूर्वीचा हायवे नंबर सहा, सुरत-नागपूर. ट्रकांना तोटा नाही. एखाद्यानं नुसती बाजूनं धडक दिली असती तर आई-नाना आणि ट्रक ह्यांच्यामध्ये काय होतं? मी फेब्रुवारी २०१९ मध्ये अठरा हजारांना विकत घेतलेला रंग.

धुळ्यात मेहुण्यांच्या ओळखीचे एक म्हातारे डेंटर आहेत. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. आग्रा रोडच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड, दोन पोरं हाताखाली. आप्पांनी गाडीकडे बघितलंही नाही, खिशातून स्पीकरचं जुनं लोहचुंबक काढलं आणि गाडीच्या अंगावरून फिरवायला सुरुवात केली. छतावर चिकटलं. बॉनेटवर चिकटलं. दाराच्या वरच्या भागात चिकटलं. दाराच्या खालच्या वीतभर भागात आलं आणि टप्पकन खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊ, हाई पत्रा नही शे, लांबी शे!"

लांबी म्हणजे पुट्टी. फिलर. खड्डा भरून सपाट करायचा लेप. आप्पांच्या पोरानं छिन्नी-हातोडी घेऊन ती फोडायला सुरुवात केली. डाव्या पट्ट्याच्या आत बोटाच्या पेराएवढ्या जाडीची लांबी निघाली, तिच्यामागे जाळीचा तुकडा आणि जाळीमागे पोकळी भरायला कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा. ओला! सहा पावसाळे तो बोळा आत बसून पाणी पीत होता आणि उरलासुरला पत्रा खात होता. मी तो उलगडला. तारीख वाचता येत होती. लग्नाच्या आठवड्यातला अंक.

आता त्या गॅरेजवाल्याच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे. मेहुण्यांनी मोडलीच. पण मी गप्प बसलो, कारण तो खरं बोलला होता आणि मी त्याला गप्प केलं होतं. चार दिवस, अठरा हजार आणि फोटो, ह्या तीन अटींत बसणारं एकच काम जगात आहे आणि ते त्यानं चोख केलं. बाजारात सगळेच डेंटर लबाड आहेत अशी आपली एक लाडकी समजूत आहे. माझं म्हणणं असं की लबाडीची ऑर्डर आपण देतो. किती दिवस लागतील आणि किती पैसे, हे दोनच प्रश्न आपण विचारतो. आत काय निघालं, हा प्रश्न आपण विचारत नाही, कारण उत्तर महाग असतं. जो डेंटर खरं उत्तर देतो तो गिऱ्हाईक गमावतो. अशानं दहा वर्षांत बाजारात उरणार कोण?

आता चौदा जणांचे मुद्दे एकेक करून घेतो.

"रंग मारला की गंज थांबतो." नाही थांबत हो! गंज म्हणजे लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू ह्यांचं कडबोळं. ॲल्युमिनियमवर जो थर चढतो तो घट्ट असतो, खालच्या धातूला झाकून टाकतो. लोखंडाचा गंज तसा नाही. तो सच्छिद्र असतो, स्पंजासारखा पाणी धरतो आणि मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा व्यापतो. म्हणूनच रंगाला फोड येतो. खालचा गंज फुगतो आणि वरचा रंग उचलतो. म्हणजे फोड दिसला तेव्हा गंजाला नुकती सुरुवात झालेली नसते, तो खालून वर येऊन पोचलेला असतो. अशा गंजावर रंग मारणं म्हणजे ओल्या भिंतीवर चुना. त्यातून आपली साधी लांबी स्वतःच ओलावा धरते. तिच्याखाली गंज सुखानं नांदतो आणि आपल्याला दिसतही नाही. उघडा गंज निदान दिसतो तरी.

"आपल्याकडे कुठला आलाय गंज, तो मुंबई-कोकणात." हे काकांचं. काका, हवा आपली कोरडी आहे हे कबूल. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत गंज चढत नाही, माणूसच वाळून जातो. पाऊसही वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास. पण आपली काळी माती आहे ना! पावसाळ्यात शेतावर जाऊन आलं की चाकाच्या वरच्या कमानीत ती थापली जाते, कोपऱ्यात वाळून दगड होते आणि आतून आठवडे आठवडे ओल धरून ठेवते. कापसाला जे मानवतं ते पत्र्याला मानवत नाही. आणि दुसरं म्हणजे कडुनिंब. करोनाच्या दोन वर्षांत गाडी त्याच्याखाली उभी होती. काचेखालच्या जाळीतून पानं आत गेली, पाणी वाहून जायच्या वाटा बुजल्या, आणि पाणी खाली उतरायच्या ऐवजी पायाखालच्या कार्पेटमध्ये मुरलं. दारांच्या तळालाही अशीच बारीक भोकं असतात, काचेवरून आत गेलेलं पाणी खाली पडायला. ती बुजली की दार म्हणजे टाकी. आमच्या दारांची भोकं कुणी बुजवली होती? २०१९ च्या लांबीनं. सुंदर सपाट केली होती.

"बाहेरचा पत्राच तर आहे, त्यानं काय बिघडतं?" हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि हा मलाही आप्पांनी समजावून सांगेपर्यंत माहीत नव्हता. जीपला खाली वेगळी चासी असते. जीपची बॉडी कुजली तरी खालची शिडी शाबूत असते. फियाट ११०० तशी नाही. १९५३ साली इटलीत तिचं जे नवं रूप आलं तेव्हापासून तिची बॉडी हीच तिची चासी. दारांखालचे पट्टे, फ्लोअर, मधले खांब हे सगळं मिळून गाडी उभी असते. म्हणजे आपण ज्याला "बाहेरचा पत्रा" म्हणतो तो घराचा गिलावा नसून घराची भिंत आहे. आजच्या बहुतेक मोटारीही अशाच असतात, फक्त त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा लेप असतो म्हणून त्या जास्त टिकतात. तेव्हा तुमची दहा वर्षांची हॅचबॅक असली तरी "आमचं काही नाही बाबा" म्हणू नका. एकदा खाली वाका.

"भंगारात दे ना मग!" हे मेहुण्यांचं, आणि चौदांमधला हा एकमेव मुद्दा मला खरोखर आदरणीय वाटतो. पद्मिनीला एअरबॅग नाही, धूर शुद्ध करायची सोय नाही, ब्रेक जुन्या काळचे. रोज ऑफिसला न्यायची ही गाडी नाही हे मला मान्य आहे. सरकारनंही ऑगस्ट २०२१ मध्ये जुन्या गाड्या मोडीत काढायचं धोरण आणलं. पंधरा वर्षांनंतर खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, त्याची फी एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झाली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना दहा हजार. वर महाराष्ट्रातला पर्यावरण कर वेगळा. सगळं भरायला माझी ना नाही.

पण फी आणि वय सोडून कुणी पत्र्याकडे बघतं का? २०२३ मध्ये आमच्या गाडीचं पासिंग झालं. तेव्हा आतमध्ये तो कागदाचा बोळा होता, चार वर्षं भिजलेला. दिवे बघितले, हॉर्न वाजवला, नंबर तपासले. आणि तिथले साहेब म्हणाले, "वा, गाडी मेंटेन ठेवलीय." कुणीही खाली वाकलं नाही. जॅक लावला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. वय वाढलं म्हणून गाडी सडते असं नाही, दुर्लक्ष झालं म्हणून सडते. आयफेल टॉवर १८८९ चा आहे, लोखंडाचाच आहे, आणि दर सातेक वर्षांनी त्याला नवा रंग देतात, पण आधी गंज आणि सुटलेला जुना रंग काढून. उलट मालवणला राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा पस्तीस फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला पडला. नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. त्याचे नटबोल्ट गंजल्याचं पत्र बांधकाम खात्याकडून त्याच महिन्यात गेलं होतं. म्हणजे कुणाला तरी गंज दिसला होता.

आणि ज्या जून महिन्यात माझा जॅक गाडीत घुसला, त्याच महिन्याच्या १५ तारखेला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला. जुना, गंजलेला, धोकादायक म्हणून आधीच जाहीर झालेला. रविवारची गर्दी होती. चार माणसं गेली. बातमी बघताना नाना टीव्हीसमोरून उठले आणि अंगणात जाऊन गाडीकडे बघत उभे राहिले. काही बोलले नाहीत. मला मात्र बोललेलं ऐकू आलं.

आता शेवटचा मुद्दा, आणि ह्या मुद्द्यावर माझं डोकं खरंच फिरतं. "रंग मारून विकून टाक." हे मावसभावाचं. त्यानं धुळ्यातला एक जुन्या गाड्यांचा दलालही गाठून दिला होता. दलाल म्हणाला, "साहेब, चकाचक करून आणा, चाळीस देतो. खेड्यात लगेच जाते."

कुणाकडे जाते? तुमच्या-माझ्याकडे नाही जात. चाळीस-पन्नास हजारांत पहिली चारचाकी घेणाऱ्याकडे जाते. १९९८ साली नाना जसे होते तशा कुणाकडे. तो तिला हार घालेल, नारळ फोडेल, बाजाराच्या दिवशी मागच्या सीटवर चार पोरं बसवेल. आणि त्याला खाली काय आहे ते माहीत नसेल, कारण मी ते खूप सुंदर झाकून दिलेलं असेल. मावसभाऊ म्हणाला, "सगळेच करतात." करतात ना! म्हणूनच तर हा लेख लिहितोय. स्वतःच्या घरात लांबी फासणं हा मूर्खपणा झाला. दुसऱ्याला विकायला लांबी फासणं ह्याला मराठीत दुसरा शब्द आहे, आणि तो दिवाळीत घरच्यांसमोर उच्चारता येत नाही म्हणून मी तेव्हा फराळाचं ताट उचललं आणि आत गेलो.

माझं म्हणणं साधं आहे. गाडी ठेवायची असेल तर नीट करा. झेपत नसेल तर नोंदणीकृत मोडतोड केंद्रात द्या, दाखला घ्या आणि मोकळे व्हा. ह्या दोन्ही गोष्टी प्रामाणिक आहेत. तिसरी जी मधली वाट आहे, रंगाची, ती बंद झाली पाहिजे.

"नीट" म्हणजे काय ते आप्पांकडे जाऊन मी बघितलं, तेही सांगतो, कुणाच्या तरी कामी येईल. आधी सगळी लांबी काढायची, चकचकीत लोखंड लागेपर्यंत. जिथं पत्रा उरलाच नाही तिथं कुजका भाग कापून टाकायचा, चांगला पत्रा लागेपर्यंत कापत मागे जायचं. इथंच लोकांचा धीर सुटतो, कारण भोक चार बोटांचं दिसत असतं आणि कापता कापता हातभर होतं. मग तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा वाकवून, घडवून बसवायचा आणि सीओटू वेल्डिंगनं जोडायचा. गॅसनं केलं तर पातळ पत्रा उष्णतेनं लहरतो, मग ती लहर लपवायला परत लांबी! कुजक्या पत्र्यावर वरून ठिगळ मारायचं नाही, कारण दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी बसतं आणि गंज परत तिथूनच निघतो. जिथं पत्रा शाबूत आहे पण खाचांमध्ये गंज उरलाय तिथं फॉस्फोरिक ॲसिडचं औषध लावायचं, धुऊन पूर्ण वाळवायचं. त्याच दिवशी प्रायमर. उघडं लोखंड रात्रभर ठेवलंत, आणि ते पावसाळ्यात, तर सकाळी तांबूस झालेलं असतं. सांध्यांना सीलर, पोकळ भागांत मेणासारखं औषध फवारायचं, तळाची भोकं तारेनं मोकळी करायची. लांबी लागतेच, तिचा मला राग नाही. पण ती प्रायमर मारलेल्या चांगल्या पत्र्यावर, नखाच्या जाडीएवढी, ठोकल्याच्या खुणा सपाट करायला. खड्डे बुजवायला नव्हे. आणि मग, सगळ्यात शेवटी, रंग.

ह्या सगळ्याला जुलैपासून सप्टेंबरअखेर लागली. मी दर दुसऱ्या शनिवारी पुण्याहून धुळ्याला जात होतो. खर्च बासष्ट हजार, रंग सोडून. आप्पांनी हिशेब वहीत लिहून दिला. पत्रा किती, वेल्डिंग किती, मजुरी किती. कापून काढलेला कुजका पत्रा एका पोत्यात भरून ठेवला होता, तोही दाखवला. "हाई तुमनं शे," म्हणाले, म्हणजे हे तुमचं आहे. मी म्हटलं रंगाचं दिवाळीनंतर बघतो, पैसे जमले की. त्यावर आप्पा म्हणाले की घाई नको, प्रायमरवर पाणी मात्र पडू देऊ नका, तोही ओल पितो. म्हणून गाडी दिवाळीत तशी होती. अर्धी पिस्ता, अर्धी राखाडी, रात्री प्लास्टिक पांघरून निजणारी. लोकांना वाटलं काम अर्धवट आहे. मंडळी, ह्याआधी २०१९ मध्ये ते अर्धवट होतं. तेव्हा तुम्ही फोटो काढलेत.

मावसभाऊ म्हणेल की बासष्ट हजारांत त्या गाडीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे घातलेस. घातले. हिशेबानं मी मूर्खच ठरतो आणि ते मी मान्य करतो. पण २०१९ चे अठरा हजार, जे पूर्ण पाण्यात गेले आणि ज्यांनी वर पत्राही खाल्ला, त्यांच्याबद्दल आजवर मला कुणीही मूर्ख म्हटलेलं नाही. ते सगळ्यांना पटलेले पैसे होते. हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

असो. लांबलं बरंच. (लांबीवर लिहायला बसलं की असं होतं!)

एक शेवटचं. पाडव्याच्या दिवशी सकाळी सगळे झोपलेले असताना अंगणात दाराचा आवाज आला. बघितलं तर नाना. प्लास्टिक बाजूला करून गाडीचं डावं मागचं दार उघडत होते, लावत होते. पुन्हा उघडत होते, लावत होते. मी म्हटलं, "नाना, काय झालं? अडकतंय का?"

"नाही रे," म्हणाले. "ऐकतोय. आता पत्र्याचा आवाज येतो."

मग खाली वाकायला लागले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गुडघे, वाकवेना. मला म्हणाले, "तूच बघ जरा खालून." मी जमिनीवर पालथा झालो, मोबाईलची टॉर्च लावली आणि बघितलं. भोकं मोकळी होती. सांधे कोरडे होते. तसं त्यांना सांगितलं.

"मग मार रंग," नाना म्हणाले.

मारतो आता. पिस्ताच.